विषय : उभे राहण्याबाबत

आयुष्यात सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द लिहिला असं कुणी विचारलं, तर देवाचं नाव सांगावं असं माझं वय झालंय. पण खरं उत्तर आहे 'बाबत'. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर मी 34 वर्षं काढली. रजेबाबत, गळक्या छताबाबत, छताबाबतच्या पत्रास उत्तर न मिळाल्याबाबत. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. सहा वर्षांनी एका रविवारी सकाळी कोरा कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि लिहिलं, 'विषय : उभे राहण्याबाबत.'

आमच्या हिनं खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, "कुठल्या वॉर्डातून?"

उभी राहणार होती आमची नात. दुसरीच्या वर्गात, गणिताच्या तासाला, रोज 45 मिनिटं.

नात सात वर्षांची. घरी तिला चिऊ म्हणतात ते अंगकाठीवरून; आवाजाचा विचार केला असता तर दुसरा पक्षी शोधावा लागला असता. सातव्या महिन्यात जन्मली. मेंदूच्या ज्या भागातून पायांना हुकूम सुटतात त्या भागाला इजा झाली, म्हणून तिला सेरेब्रल पाल्सी आहे. पायांचे स्नायू कायम आखडलेले. डोकं मात्र लख्ख. पाढे बारापर्यंत पाठ, आणि माझ्या किराणा हिशेबातल्या चुका चारचौघांत काढायची हौस. पायात पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लॅस्टिकचे साचे असतात. डॉक्टर त्यांना एएफओ म्हणतात, आम्ही बूट म्हणतो, आणि रस्त्यावरचे लोक "पोलिओ का हो?" म्हणतात. भारतातला नैसर्गिक पोलिओविषाणूचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला, तोही पश्चिम बंगालमध्ये, आणि 2014 साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. साताऱ्यात राजवाड्यावर भाजी घेताना मी हे एका गृहस्थांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "मग डोस चुकला होता का?"

तिचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आलं, त्यावर 60 टक्के असं लिहिलं होतं. शेजारच्या काकूंनी ते लांबूनच पाहिलं. म्हणाल्या, "अगंबाई, फर्स्ट क्लास!" चिऊ त्या दिवशी फार खूश होती. आम्ही पेढे वाटले नाहीत, एवढाच काय तो संयम.

आता या मुलीला उभं कशासाठी करायचं? मला स्वतःलाच हे माहीत नव्हतं. उभं राहणं म्हणजे रेशनच्या रांगेत किंवा एस.टी.त, नाइलाज म्हणून करायची गोष्ट, अशी माझी समजूत. फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी मला समोर बसवून शिकवलं. खुब्याचा सांधा म्हणजे एक गोळा आणि त्याला धरणारी वाटी. जन्माला येताना ही वाटी उथळ असते. मूल वर्षाचं होऊन उभं राहायला लागलं की अंगाचा भार पडून पडून ती खोल होत जाते. उखळात मुसळ पडल्याशिवाय उखळ घोटीव होत नाही, तसंच. मूल उभंच राहिलं नाही, तर वाटी उथळ राहते आणि गोळा हळूहळू बाहेर सरकतो. शिवाय मेंदूतली इजा वाढत नाही, पण हाडं वाढतात. हाडं लांब होतात आणि आखडलेला स्नायू त्यांच्या मागे फरपटतो. दिवसभर बाकावर गुडघे मोडून बसलं, तर तो तसाच आखूड होऊन बसतो. म्हणून उभं राहायचं, रोज, स्टँडिंग फ्रेम नावाच्या चौकटीत, पट्ट्यांच्या आधारानं, टाच टेकवून.

"घरी उभी करा की," असं बरेच जण सांगतात. करतो. पण शाळा साडेदहा ते पाच. घरी येते तेव्हा ती वाळत घातलेल्या टॉवेलसारखी लोंबत असते. त्यापुढे गृहपाठ, बुटांचे वळ चोळणं, जेवण. उभं राहायचा खरा वेळ शाळेतच, आणि त्यात अभ्यासाचं एक मिनिटही बुडत नाही, कारण स्टँडिंग फ्रेमला पुढे फळी असते. त्या फळीवर वही ठेवून बेरीज करायची. बसून केलेल्या बेरजेपेक्षा उभ्यानं केलेली बेरीज वेगळी येते असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

बाहेरून येणाऱ्या फ्रेमची किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो तो बराच वेळ उठलो नाही. ताईंनी मग कागदावर मापं काढून दिली आणि आमच्या पेठेतल्या सुतारानं लाकडात ती बनवली. चौथऱ्यावर टाचेसाठी खाचा, गुडघ्यांना गाद्या, कमरेला आणि छातीला पट्टे, पुढे फळी. सुतारानं पॉलिशचा हात मारून लांबून पाहिलं आणि विचारलं, "आबा, देव्हारा म्हणावं तर कळस नाही, आणि भाषणाचं टेबल म्हणावं तर माईक कुठं बसवू?" वजन भरलं 22 किलो. ती रोज स्कूटरवरून नेणं-आणणं शक्य नाही, म्हणून एक घरी आणि एक शाळेत, अशा दोन केल्या. शाळेकडे पैसे मागायचे नव्हते. दोन फूट बाय दोन फूट जागा हवी होती, आणि पट्टे बांधायला पाच मिनिटं.

माझा पहिला अर्ज तीन पानी होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मी अथपासून इतिपर्यंत वाचला. 34 वर्षं फक्त परिपत्रकं वाचलेल्या माणसाला कायदा वाचायला मिळणं म्हणजे जेवणावळीत एकदम पंगतीच्या मानाच्या पाटावर बसण्यासारखं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात 21 आहेत, आणि त्यात सेरेब्रल पाल्सी नाव घेऊन आहे. कलम 16 सांगतं की शाळेनं अशा मुलाला इतरांबरोबर शिकवावं आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी ते बदल करून द्यावेत. मी कलमं अधोरेखित केली, सोबत प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडली आणि हेडसरांच्या टेबलावर ठेवली.

हेडसर सज्जन माणूस. अर्ज वाचून त्यांनी त्यावर पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, "गोड मुलगी आहे हो."

हे वाक्य मी पुढच्या पाच महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं, की चिऊच्या गोडपणाची मला धास्ती वाटू लागली. गोड म्हटलं की माणसाला आपलं कर्तव्य झाल्यासारखं वाटतं. चिऊला शाळेत खाऊ मिळायचा, गालगुच्चे मिळायचे, स्नेहसंमेलनात परीचा मुकुट मिळाला. पट्टा बांधायला माणूस मिळत नव्हता.

"वर विचारतो," हेडसर म्हणाले.

'वर विचारतो' म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. मी स्वतः हे वाक्य हजारदा वापरलेलं आहे, आणि माझ्या वर बहुतेक वेळा फक्त पंखा असायचा.

दुसऱ्या खेपेला हेडसरांनी मनातली खरी भीती सांगितली. "आबासाहेब, मुलगी वर्गात पट्ट्यांनी बांधलेली, आणि सगळा तास उभी. बाहेरून कुणी मोबाइलवर फोटो काढला तर? शिक्षणहक्क कायदा, कलम 17. शारीरिक शिक्षेला बंदी आहे."

मी गप्प झालो, कारण माणूस बरोबर बोलत होता. मराठी शाळेत उभं राहणं याला एकच अर्थ आहे. आमच्या पिढीचं निम्मं शिक्षण उभ्यानंच झालं. पाढा चुकला की उभं राहा, गृहपाठ नाही तर बाकावर उभं राहा, बाकावर उभं राहून हसलात तर वर्गाबाहेर उभं राहा. मी पाचवीत इतका उभा राहिलो आहे, की ताईंचं शास्त्र खरं असेल तर माझे खुबे जिल्ह्यात एक नंबर असायला हवेत. त्याच शाळेत जाऊन मी कायद्याची कलमं लावून म्हणत होतो की माझ्या नातीला रोज 45 मिनिटं उभं करा. शिवाय पंचाईत अशी, की माझा कायदा 2016 चा आणि त्यांचा 2009 चा. ज्येष्ठता त्यांची.

मग विषय संस्थेच्या बैठकीत गेला. तिथे एक सदस्य आपुलकीनं म्हणाले, की 'तिच्यासारख्या मुलांसाठी' पुण्याला चांगल्या शाळा आहेत. आमची सूनबाई एरवी माझ्यासमोर मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी बोलली. मुंबईत 1972 साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली, कारण सेरेब्रल पाल्सी असलेल्या त्यांच्या मुलीला, मालिनीला, शिकवायला देशात धड सोय नव्हती. ती मालिनी चिब पुढे लंडनला जाऊन दोन पदव्युत्तर पदव्या घेऊन आली. "तेव्हा शाळाच नव्हती म्हणून आईला शाळा काढावी लागली," सूनबाई म्हणाली. "आता शाळा घरापासून दोन चौकांवर आहे, आणि आमचं लाकूड आम्हीच आणलंय." सदस्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि विषय रॅम्पकडे वळवला. शाळेत रॅम्प आहे, हे त्यांना इतिवृत्तात यायला हवं होतं.

रॅम्प आहे, ते खरं. व्हीलचेअरच्या रॅम्पचा हिशेब साधा असतो, 1 फूट उंचीला 12 फूट लांबी. आमच्या शाळेच्या पायऱ्या दीड फुटाच्या आहेत, म्हणजे रॅम्प 18 फुटांचा हवा. तो पाच फुटांचा आहे. व्हीलचेअर त्यावरून चढत नाही, उतरते मात्र फार वेगानं. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट लागतो ना, त्याची धाकटी बहीण. त्याचा नियमित उपयोग एकच, रोज संध्याकाळी क्रीडा शिक्षक आपली मोटारसायकल त्यावरून व्हरांड्यात चढवतात, आणि तेसुद्धा पहिल्या गिअरमध्ये.

तीन महिने असे गेल्यावर एका रात्री मला झोपेतून जाग आली आणि चूक कळली. मी परवानगी मागत होतो! 34 वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलेला मी, आणि हे विसरलो? परवानगी मागितली की समोरच्याला निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णय घेण्यासाठी सरकारी किंवा निमसरकारी माणूस जन्मलेला नाही. माणसानं कळवावं. मी उठलो, दिवा लावला आणि सहा ओळींचं पत्र लिहिलं. 'वैद्यकीय सल्ल्यानुसार कु. अमुक हिचे उभे राहण्याचे साधन दि. 7 पासून वर्गात ठेवण्यात येत आहे. बांधण्याची पद्धत सोबत जोडली आहे. माहितीस्तव सविनय सादर.' दुसऱ्या दिवशी शाळेच्या लेखनिकाकडे दिलं. त्यांनी सवयीनं पोचेचा शिक्का मारला, सही केली, बारनिशीत नोंद केली. नोंद झालेल्या पत्राला हरकत घ्यायची तर लेखी घ्यावी लागते. ती कुणी घेतली नाही. त्या शिक्क्याची प्रत मी देवघरात ठेवली होती, हिनं ती नंतर तिथून काढली.

सात तारखेला टेम्पोतून फ्रेम शाळेत गेली. मी संध्याकाळी विचारलं, "मग, उभी राहिलीस का?" चिऊ म्हणाली, "नाही आबा. तिला नंबर घालतायत."

शाळेत आलेली वस्तू नोंदल्याशिवाय वापरता येत नाही. त्यासाठी शाळेत जडवस्तुसंग्रह नोंदवही असते. सगळे तिला डेड स्टॉक म्हणतात. फ्रेमच्या पाठीवर पांढऱ्या तैलरंगात 'ज.व. 117' असं आलं. 116 म्हणजे एक घंटा होती आणि 118 बिनझाकणाचा हंडा. इथवर ठीक. पण वस्तू एकदा जडसंग्रहात गेली की तिची हानी होता कामा नये, आणि हानी टाळायचा खात्रीचा उपाय म्हणजे ती न वापरणं. फ्रेम भांडारात गेली. भांडाराची किल्ली लेखनिकाकडे, आणि लेखनिक मतदारयादीच्या कामावर.

तीन आठवड्यांनी भांडार उघडलं तेव्हा मी जातीनं हजर होतो. आत गुंडाळलेले नकाशे, भाता फाटलेली हार्मोनियम, पोषण आहाराचा तांदूळ. आणि मध्यभागी आमची फ्रेम, तिच्यात 50 किलोचं पोतं, उंदरांपासून लांब राहावं म्हणून. मी लेखनिकाला दोष देत नाही, पोत्याला छातीचा पट्टासुद्धा नीट लावलेला होता. ताईंना फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, "पोश्चर छान आहे."

याच सुमारास मी हेडसरांना नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र वाचायला दिलं. कोल्हापूरच्या बाई, त्यांनीही सरकारी नोकरी केलेली, म्हणून मला त्यांच्याविषयी खात्याबाहेरचा का होईना, बंधुभाव. हेडसरांनी पुस्तक फार आदरानं घेतलं. ते ग्रंथालयाच्या नोंदवहीत चढवलं, त्यावर शिक्का मारला, आणि कपाटाला कुलूप लावलं.

फ्रेम वर्गात आली ती खरं म्हणजे शिपाईमामांमुळे. त्यांनी पोतं एका हातानं उचललं, दुसऱ्यानं फ्रेम, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पोरीला कुठं ठेवायची?" पट्टे कोण बांधणार हा प्रश्न उरला होता. वर्गात 48 मुलं आणि बाई एक, त्यांची अडचण मला दिसत होती. सूनबाईनं मामांना क्रम दाखवला : आधी टाचा खाचेत, मग गुडघे, मग कंबर, छाती, शेवटी फळी. मामांनी एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा स्वतः बांधलं, आणि पट्ट्याच्या आत दोन बोटं घालून पाहिली. ताईंनी नेमकं हेच सांगितलं होतं, दोन बोटं सरकतील एवढी जागा ठेवा. मी चाट पडून विचारलं, "मामा, हे कुठं शिकलात?"

"बैलाचा पट्टा असाच बांधायचा असतोय. दोन बोटं जागा नाही ठिवली तर जनावर रातभर झोपत नाही."

ताई पदवी घेऊन आल्या, मामा गोठ्यातून. दोघांच्या बोटांची संख्या जुळली. त्या दिवसापासून गणिताची घंटा झाली की मामा येतात, "चला बाईसाहेब, गाडी जोडू," म्हणतात, आणि चार मिनिटांत चिऊ उभी. माझ्या सहा ओळींच्या पत्रात मामांचं नाव कुठंच नव्हतं.

पुढचं मी कल्पिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा चिऊ वर्गात सगळ्यांहून उंच झाली. बाकी 47 जण बसलेले, ही उभी, पुढे फळी. कोण बाकाखाली चिंचा खातोय, कोण पाटीवर दुसऱ्याचं पाहून लिहितोय, सगळं तिला वरून दिसतं. आणि आवाज तर मी मघाशी सांगितलाच. दोन आठवड्यांत वर्गातली तीन पोरं माझ्याकडे फाटकापाशी आली. "आबा, चिऊला खाली बसवा ना."

दुसरीकडे त्या फळीचं तिकीट खिडकीत रूपांतर झालं. मधल्या सुट्टीत पोरं रांग लावायची आणि चिऊ वहीच्या कागदाची तिकिटं फाडायची, सातारा ते महाबळेश्वर. फ्रेममध्ये एकदा तरी उभं राहायला मिळावं म्हणून पोरं तिला गोळ्या देऊ लागली. एकदा एका मुलानं गृहपाठ केला नव्हता, बाई सवयीनं म्हणाल्या, "उभा राहा," तर त्यानं लगेच विचारलं, "चिऊच्या शेजारी राहू?" त्याच्यामागे आणखी चौघांनी आपलाही गृहपाठ झाला नसल्याचं कबूल केलं. त्यातल्या दोघांचा झालेला होता. बाईंनी मला नंतर सांगितलं, की उभं करण्याची शिक्षा त्यांनी आता बंदच केली आहे. तिला काही धाक राहिला नाही. जे काम कलम 17 ला पूर्ण जमलं नव्हतं, ते ज.व. 117 नं केलं.

फेब्रुवारीत तपासणीला साहेब आले. शाळा सारवून-पुसून सज्ज. फ्रेमला कुणीतरी झेंडूची माळ घातली होती, मामांनी ती काढून टाकली. साहेब दुसरीच्या वर्गात शिरले तो गणिताचाच तास. समोर एक मुलगी पट्ट्यांत बांधलेली, उभी. हेडसरांच्या चेहऱ्यावर पाच महिन्यांची भीती एकदम गोळा झाली. साहेब वाकले आणि हळुवारपणे म्हणाले, "काय गं बाळ, काय चुकलं? उभं का केलंय तुला?"

चिऊनं पेन्सिल खाली ठेवली. "चुकलं काही नाही," ती म्हणाली. "आबांनी अर्ज केलाय."

साहेबांनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसर सावरले. म्हणाले, "वाजवी बदल, साहेब. 2016, कलम 16." म्हणजे त्यांनी माझी तीन पानं वाचली होती तर! शेऱ्याच्या वहीत साहेबांनी 'उपक्रम स्तुत्य' असं लिहिलं आणि जाताना हेडसरांना म्हणाले, "मुलगी गोड आहे."

आता जून आला आहे. चिऊ तिसरीत गेली. मागच्या आठवड्यात ताईंनी माप घेतलं, सहा सेंटिमीटर वाढली आहे. गुडघ्यांच्या गाद्या आता गुडघ्यांवर न येता पोटरीवर येतात आणि फळी कमरेशी. म्हणजे फ्रेम वाढवायला हवी. सुतार तयार आहे, दोन तासांचं काम, म्हणाला. मी शाळेत जाऊन लेखनिकांना सांगितलं. त्यांनी जडवस्तुसंग्रह नोंदवही काढली, 117 वर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नोंदीत उंची लिहिलेली आहे हो आबा. जडवस्तूची उंची वाढल्याचं आजवर एकही प्रकरण नाही आपल्याकडे."

"मग?"

"एक अर्ज द्या."

घरी आलो, कागद घेतला, समास सोडला. चिऊ शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, या वेळी पण परवानगी मागू नका हं." मी लिहिलं, 'विषय : ज.व. क्र. 117 ची उंची वाढल्याबाबत.' खाली तिनंच सांगितलं तसं कारण घातलं : 'आतली मुलगी वाढल्यामुळे.'